मैदानात वाळलेला दोर

कलकत्त्याच्या मैदानाच्या ऐन मध्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि दोघींना थांबावं लागलं. पुढे कालिंदी, मागे वृंदा, आणि दोघींच्या मध्ये सुताचा मऊ पिळाचा दोर. त्याचं एक टोक हिच्या खांद्यावर, दुसरं तिच्या. मधला भाग झोळीसारखा खाली आलेला, पण जमिनीला टेकत नव्हता. टेकू द्यायचा नाही असं निघतानाच ठरलं होतं. नदीवरून परतणाऱ्या बायका ओलं लुगडं दोन टोकांना धरून वाळवत येतात ना, तशा त्या दोघी बालीगंजहून निघून, भवानीपूर मागे टाकून, व्हिक्टोरियाला वळसा घालून इथवर आल्या होत्या. ट्रामने आल्या असत्या तर केव्हाच पोचल्या असत्या. पण ट्राममध्ये इतका वारा कुठला? आणि आज सगळं वाऱ्यावरच होतं.

"वहिनी, वर धरा," कालिंदी पुढून म्हणाली. दोघींनी हात उंच केले, दोर वर गेला आणि शेळ्या एकामागून एक त्याच्या खालून निघून गेल्या. दोराखालून कुणी गेलं तर चालतं. दोर ओलांडलेला मात्र चालत नाही. ज्याच्यावर मारुतीचं नाव घेऊन चढायचं त्याच्यावरून पाय टाकायचा नाही, ही कालिंदीच्या घरची रीत, आणि तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी तीच शिकवली जाई.

शेळ्यांमागचा म्हातारा बिहारकडचा होता. त्याने विचारलं, मांडवाचा दोर का? लग्न कुणाचं? कालिंदीने गंभीर तोंडाने सांगितलं, माझंच. म्हाताऱ्याने तिच्या पिकत चाललेल्या केसांकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून भरभरून आशीर्वाद दिला. वृंदाला हसू आवरेना. कालिंदीची बजबजला राहणारी आत्या चारचौघांत म्हणायची, "हिचं लग्न दोराशीच लागलंय, आता अक्षता टाकायच्या कुणावर?" टोमणा चांगला झोंबणारा होता. पण कालिंदीने तो असा काही आपलासा करून टाकला होता की आत्याला पुढे तो वापरण्यात गोडीच राहिली नाही.

फाल्गुनातलं ऊन होतं. काटेसावरीची झाडं सगळी पानं टाकून नुसती लाल फुलांची उभी होती. मागे व्हिक्टोरियाचा घुमट उन्हात साखरेसारखा विरघळत चालला होता. डावीकडे किल्ल्यापलीकडे गंगेत कुठल्याशा बोटीचा भोंगा वाजला आणि बराच वेळ हवेत राहिला. गवतावर जागोजाग माणसं तोंडावर गमछा ओढून झोपली होती. वृंदाला वाटलं, आपणही झोपेतच चाललो आहोत. खांद्यावर दोराचं ओझं, पायांखाली गवत, आणि दूर ईडन गार्डनच्या झाडांमागे ते नवं इनडोअर स्टेडियम, जे कितीही चाललं तरी तेवढंच दूर राहतंय. ती मनातल्या मनात मारुतीचं नाव घेत होती. नवस मात्र तिने बोलला नव्हता. देवाशी घासाघीस करायची नाही, एवढं ती आईकडून शिकली होती. दोर वाळू दे, एवढंच म्हणायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं.

वृंदा सांगलीची. नवरा बँकेत, बदली झाली म्हणून कलकत्त्याला आली. इथलं पाणी, इथली भाषा, इथला उकाडा, काहीच तिला सोसेना. पहिलं वर्ष तिने खिडकीत बसून काढलं. मग मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेली असताना मागच्या अंगणात मुलींचा गलका ऐकू आला म्हणून डोकावली, तर जांभळाच्या फांदीला दोर बांधलेला आणि त्याच्यावर एक मुलगी पद्मासन घालून अधांतरी बसलेली. खाली पांढरी सलवार घातलेली एक सडसडीत बाई कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "हसू नकोस, पडशील. पडलीस तरी हसू नकोस." वृंदाने दुसऱ्या दिवसापासून आपल्या लीनाला तिथे पाठवलं. लीना घरी मराठी बोलताना निम्मे शब्द बंगाली घाले, पण दोरावर चढताना "जय बजरंग" मात्र अस्सल म्हणे.

ती बाई म्हणजे कालिंदी. जन्म कलकत्त्यातला, शाळा कलकत्त्यातली, आता बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवायला. तिचे वडील दिगंबरपंत, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तरुणपणी साताऱ्याहून रेल्वेच्या हिशेबखात्यात आले. येताना ट्रंकेत कपडे कमी आणि अंगात मल्लखांब जास्त. मंडळाच्या अंगणात त्यांनी सागवानी खांब रोवला. रोज संध्याकाळी त्याला एरंडेल चोळायचं, वरपासून खालपर्यंत, दोन्ही तळहातांनी. मग पाया पडायचं, मग चढायचं. पोटी मुलगी झाली तेव्हा त्यांनी खांबाशेजारच्या जांभळाला दोर बांधला. खांब मुलांचा, दोर मुलींचा.

खांबाला तेल लागतं. दोराला तेलाचा थेंबही चालत नाही. दोर कोरडा हवा, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तो घट्ट धरता आला पाहिजे. त्यावरच सगळं असतं.

जांभळाच्या दोरावर कालिंदी जन्मभर चढली. पण जांभूळ ते जांभूळच. वर गेलं की डोकं पानांत जायचं, फांदी करकरायची, मुंग्या अंगावर यायच्या. अण्णा खालून म्हणायचे, "कालिंदे, कधीतरी असं छप्पर मिळेल की तू वर जाशील आणि डोक्याला काही लागणार नाही." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की लहानपणी तिला स्वप्नंही त्याचीच पडायची. एक मोठं थोरलं घर, त्याला खोल्याच नाहीत, नुसतं छप्पर, आणि त्याच्या मधोमध आपण.

म्हणून ईडन गार्डनशेजारी इनडोअरचे लोखंडी सांगाडे उभे राहायला लागले तेव्हा तिला ते ओळखीचे वाटले. जागतिक टेबलटेनिससाठी ते घाईघाईने बांधत होते. सगळं शहर त्याच्याबद्दल बोलत होतं. कुणी म्हणे आत उन्हाळ्यातही गारवा राहणार, कुणी म्हणे आज खेळ, उद्या गाणं, परवा सभा, सगळं एकाच जागी. कालिंदी रविवारी अण्णांना घेऊन तिथे जाई. अण्णांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नसे, आणि अलीकडे मागचं-पुढचं एकत्र व्हायला लागलं होतं. ते कुंपणाशी उभे राहून हातोड्यांचे आवाज ऐकत आणि विचारत, "खांब कुठे रोवायचा ठरलाय?" ती म्हणे, मधोमध. मंडळाच्या अंगणात फरशी घातली तेव्हा त्यांचा खांब उपटला गेला, हे ते विसरले होते. तिने आठवण करून दिली नाही.

टेबलटेनिस झालं, परदेशी खेळाडू आपापल्या देशी गेले, आणि फाल्गुनात त्याच जागी वेगवेगळ्या प्रांतांच्या खेळांचा मेळावा भरायचं ठरलं. मराठी मुलींच्या दोराला थोडा वेळ मिळाला. छपरातून तार सोडून तिला दोर बांधू, असंही तिथल्या लोकांनी कबूल केलं. कालिंदीने हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते तळहात एकमेकांवर चोळत बसले. मग म्हणाले, "त्याला तयार करायला हवा."

आणि काल सकाळी हे झालं. कालिंदी उठून बाहेरच्या खोलीत आली तर एरंडेलाचा वास. अण्णा मारुतीच्या तसबिरीसमोर बसलेले, मांडीवर दोर, शेजारी रिकामी बाटली. पहाटेपासून, हाताला लागेल तसा, त्यांनी दोर टोकापासून टोकापर्यंत चोळून काढला होता. तेल नुसतं वर राहिलं नव्हतं, पिळात शिरलं होतं. चेहऱ्यावर असं समाधान, जसं पूजा आटोपून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असावं. "बघ," ते म्हणाले, "मोठ्या घरात जायचंय त्याला. असा कोरडा कसा पाठवायचा?"

कालिंदीने दोर हातात घेतला, तो निसटून खाली पडला. तिने तो उचलला आणि म्हणाली, "छान झालाय, अण्णा."

तिथून ती सरळ वृंदाकडे आली, दोर पिशवीत घालून. दुसरा दोर नव्हता. बजबजच्या तागाच्या गिरणीतला दोर आत्याच्या मुलाने पूर्वी एकदा आणून दिला होता, तो मुलींच्या पोटऱ्या सोलून काढायचा. तेव्हा हाच दोर ठीक करायचा. दोघींनी मिळून त्याला न्हाऊ घातलं. दिवाळीत अभ्यंगाचं तेल काढतात तसं आधी चण्याचं पीठ चोळलं, मग शिकेकाई, मग कढत पाणी, मग पुन्हा पीठ. वृंदाची मोरी पिवळी झाली. लीना दारात उभी राहून म्हणाली, दोराला पाटावर बसवा आणि ओवाळा पण. गच्चीवर तो रात्रभर टांगला. सकाळी वरून कोरडा लागला, पण पिळात बोट घालून पाहिलं तर ओल होती, आणि ती ओल पाण्याची की तेलाची, हे सांगता येत नव्हतं.

मुली या दोरावर चढणार नाहीत, हे कालिंदीने तेव्हाच सांगितलं. दुसऱ्याच्या लेकी त्या. चढायचं तर तीच चढणार. नाहीतर नाव पुकारल्यावर पुढे जाऊन हात जोडायचे आणि परत यायचं.

"मग तसंच करूया की," वृंदा म्हणाली होती. "पुढच्या वेळी."

"मग संध्याकाळी अण्णा विचारतील, का नाही झालं? काय सांगू? तुमच्या हाताने बिघडलं म्हणू? त्यांना उद्या हे आठवणार नाही, वहिनी. पण आज तर कळेल."

म्हणून वृंदाने दोराचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं होतं.

शेळ्या गेल्यावर वारा वाढला. नदीकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. दोर मध्ये हेलकावे घ्यायला लागला. कालिंदी चालता चालता मागे वळून पाही, दोराचं मधलं पोट बोटांनी चाचपी आणि पुन्हा पुढे होई. दोराच्या लांबीएवढं अंतर असल्यामुळे फारसं बोलता येत नव्हतं, आणि बोलण्यासारखं उरलंही नव्हतं. कधी दोर घट्ट होई तर वृंदाला कळे, कालिंदीची चाल वाढली. कधी सैल पडे, म्हणजे ती विचारात पडली. वृंदाला पुढे कितीदा वाटलं की आपण या बाईला ओळखलं ते त्या दुपारी, तिच्या पाठीकडे बघत, दोरातून.

इनडोअरच्या दाराशी शरच्चंद्रबाबू भेटले. मेळाव्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कोटावर कागदी बिल्ला, हातात शिट्टी. मुली वृंदाच्या नवऱ्याबरोबर टॅक्सीने आधीच येऊन बसल्या होत्या. बाबूंनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या, आतली लाकडी जमीन अजून नवीन आहे म्हणाले. अनवाणी आत पाऊल टाकताच वृंदाचे हात आपोआप जोडले गेले. बाहेरचं भगभगीत ऊन एकदम मिटलं. आत देवळातल्यासारखा गारवा. चहूकडे खुर्च्यांच्या रांगा चढत चढत अंधारात गेलेल्या आणि वर छप्पर इतकं लांब की ते छप्पर आहे हे विश्वासाने मानायचं. बोललेला शब्द वर जाई आणि थोड्या वेळाने, जरा मोठा होऊन, परत येई.

कालिंदी मधोमध उभी राहून वर बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

दोर सतरंजीवर ठेवला होता. बाबू घाईत आले आणि त्यांचा पाय दोरावरून पलीकडे जाणार, एवढ्यात कालिंदी, वृंदा आणि सगळ्या मुली एका सुरात "ओ दादा" म्हणाल्या. बाबू एका पायावर तसेच उभे राहिले, बगळ्यासारखे. का, ते लीनाने त्यांना बंगालीत समजावून दिलं. ते मागे फिरले, लांबून वळसा घालून आले, आणि नंतर तारवाले, बाजावाले, जो कुणी तिकडे येईल त्याला शिट्टी वाजवून वळसा घालायला लावत राहिले.

छपरातून तार खाली आली, तिला दोर बांधला गेला. कालिंदीने त्याला नमस्कार केला, ओढणी कमरेला घट्ट बांधली, तळहातांना राळ लावली आणि चढायला लागली.

सुरुवातीला ठीक होतं. दोर तिच्या अंगठ्यात बसत होता. अर्ध्यावर गेली आणि घसरली. फार नाही, हातभर. पण त्या मोठ्या घरात एक लांब श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. पिळातलं तेल होतं ते. वृंदाने लीनाचा दंड एवढा आवळला की पोर कळवळली. वर कालिंदी दोन्ही हातांनी लटकत होती, पाय मोकळे. तिने खाली पाहिलं नाही. एका पायाने तिने दोर मांडीभोवती घेतला, मग पोटरीभोवती, मग पावलाखालून, सावकाश, एखादी बाई निऱ्या घालते तसा. पावसाळ्यात जांभळाचा दोर ओला झाला की अण्णा असंच चढायला लावत. हाताने धरता येत नाही ना, मग त्यालाच आपल्याला धरू द्यायचं. अशी ती वेढा घेत, सोडत, पुन्हा घेत, दोराच्या शेंड्याला पोचली.

तिथे ती आडवी झाली. निद्रासन म्हणतात त्याला. दोराच्या वेढ्यावर पाठ टाकायची, एक हात उशाशी घ्यायचा, आणि झोपायचं. मुली हे शेवटी करतात आणि लगेच सोडतात. फांदीवरचा दोर आखूड असतो, झोका चटकन येतो नि जातो. पण इथे वर छपरापर्यंत गेलेली तार होती. झोका इतका सावकाश येत होता की तो येतोय हेसुद्धा उशिरा कळायचं. कालिंदी एका बाजूच्या खुर्च्यांकडे गेली, थांबल्यासारखी झाली, आणि मग त्या अथांग पोकळीतून दुसऱ्या बाजूला निघाली. डोळे मिटलेले. पांढरी सलवार दिव्यांत निळसर दिसत होती. बाजावाल्यांनी वाजवायचं सोडून दिलं होतं. बाबूंच्या ओठांत शिट्टी तशीच होती, वेळ संपला होता, पण ती त्यांनी वाजवली नाही. वृंदाला वाटलं, देवाने पाळणा हलवावा तर असाच हलवत असेल, घाई न करता.

मग ती उतरली. खाली आल्यावर पहिल्यांदा दोराच्या पाया पडली आणि मग टाळ्या ऐकू आल्यासारखी चहूकडे बघायला लागली. तळहात लालभडक झाले होते, मांडीवरून सलवार तेलकट झाली होती. मुलींनी तिला गराडा घातला. ती एवढंच म्हणाली, "उद्या नवीन दोर मागवू. तुम्ही पण चढायचंय इथे."

परत जाताना सगळी टॅक्सीत कोंबली. मुली एकमेकींच्या अंगावर झोपून गेल्या. कालिंदी मांडीवर दोर घेऊन खिडकीशी बसली होती, तीही झोपल्यासारखीच. मैदान अंधारायला लागलं होतं आणि दूर कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटी वाजत होती, किंवा वृंदाला तसं वाटलं. बालीगंजला दिवे गेलेले होते. कालिंदीच्या दाराशी टॅक्सी थांबली तेव्हा आत फक्त मारुतीपुढची समई दिसत होती आणि तिच्या उजेडात अण्णांचं पांढरं डोकं.

पावलं ऐकून त्यांनी आतूनच विचारलं, "कालिंदे, हलला नाही ना? घट्ट उभा राहिला?"

कालिंदी उंबऱ्याशी थांबली, दोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि वृंदाचा कोपर धरला. वृंदा खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. मंडळात त्यावरून थट्टाही व्हायची.

"वहिनी, थोडा वेळ बसाल?" ती हळूच म्हणाली. "अण्णा खांबाचं विचारतील. त्यांना खांब म्हणायचं की दोर, ते तुमचं तुम्ही बघा, मी काही सांगत नाही. पण मी वर होते, माझे डोळे मिटलेले होते. मी कशी दिसत होते ते मला काहीच ठाऊक नाही. तुम्ही खाली होतात. तेवढं त्यांना सांगा, सगळं, सावकाश. मी पण तिथेच बसते ऐकायला."